दिल्ली नाही, दिल्लीजवळ

आमचे सर दिल्लीला शिकलेले नव्हते. ते दिल्लीजवळ शिकले होते, आणि हा फरक दुसऱ्या कुणी काढायच्या आत ते स्वतःच काढत. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कुणी ओळख करून देताना "हे आपले दिल्लीला एमबीए केलेले साहेब" म्हणालं, की सर समोरच्याचा हात न सोडता म्हणत, "दिल्ली न्हाई. दिल्लीजवळ." मग किती जवळ ते सांगत. आधी मेट्रो, मेट्रो संपली की बस, बस संपली की रिक्षा, आणि रिक्षावाल्यानं पुढे यायला नकार दिला की मोहरीच्या शेताच्या बांधावरून पायी. ऐकणाऱ्याला वाटे, म्हणजे आपण हिंगोलीजवळ आहोत तसेच हे दिल्लीजवळ होते. सरांना हे मान्य नव्हतं. जिल्हा जवळ असणं वेगळं आणि राजधानी जवळ असणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

गावानं त्यांचं नावच 'दिल्लीजवळ' पाडलं होतं. हमालसुद्धा मला विचारत, दिल्लीजवळ आले का आज. सरांच्या ते कानावर होतं. नाव बरोबर घेतात, एवढंच ते म्हणाले.

सर आमच्या शेतकरी कंपनीचे मॅनेजर होते. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली ही कंपनी. सभासदांची हळद आणि सोयाबीन गोळा करायचं, साफ करायचं आणि एकत्र विकायचं, हा तिचा धंदा. पत्र्याचं गोदाम, त्याच्यापुढे एक खोली आणि खोलीत दोन टेबलं. एका टेबलाशी सर बसत, दुसऱ्याशी मी. मी बी.कॉम. करून संगणकावर नोंदी करायला लागले होते. हळदीच्या भुकटीनं खोलीतलं सगळं पिवळं झालेलं असे: की-बोर्ड, पंख्याची पाती, सरांच्या बाह्या. घरी गेल्यावर माय माझ्या कानामागची हळद पुसायची आणि म्हणायची, लग्नाच्या आधीच रोज हळद लागून राहिली बाई तुला.

सर चाळिशीकडे झुकलेले होते आणि एकटे होते. त्यांच्याकडे एक काळा कोट होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते तो घालून येत, कारण त्या दिवशी महिन्याचा आढावा असे. आढाव्याला आम्ही दोघंच. मे महिन्यात पत्रा तापून खोलीत बसवत नसे, तरी सर कोटाची बटणं लावून उभे राहत आणि मागच्या महिन्यात काय झालं ते मला सांगत. ते मला माहीत असे, कारण त्याच्या नोंदी मीच केलेल्या असत. एकदा एक म्हातारा त्यांना वकील समजून आत आला आणि बांधाच्या भांडणाची सगळी हकीकत सांगून बसला. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि त्याला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? म्हाताऱ्यानं विचार करून सांगितलं, इथंच, न्हाईतर वर. सरांनी मान डोलावली. स्पष्ट ध्येय असलेली माणसं आपल्याकडं कमी आहेत, असं तो गेल्यावर मला म्हणाले.

हिवाळ्यात सकाळी धुकं पडलं की आमचं ऑफिस उशिरा उघडे. दिल्लीजवळ धुक्याच्या दिवशी वर्ग भरत नसत, ती सवय सरांच्या अंगात मुरलेली. आमच्याकडचं धुकं म्हणजे चहा होईपर्यंत टिकणारं. पण कुलपाची किल्ली सरांच्या खिशात, आणि हमाल, मी आणि हळदीनं भरलेला टेम्पो असे सगळे स्वच्छ उन्हात बंद दारापाशी उभे. मला तेव्हा फार चीड यायची.

गावानं त्यांना थोडं मानायला सुरुवात केली ती एका म्हशीमुळे. एका शेतकऱ्यानं सहज विचारलं होतं, म्हैस घ्यावी का. सरांनी गोदामाच्या फरशीवर साचलेल्या भुकटीत बोटानं चार चौकोन काढले. पहिल्यात म्हशीच्या जमेच्या बाजू, दुसऱ्यात उणिवा, तिसऱ्यात संधी, चौथ्यात धोके. तीन चौकोन भराभर भरले. धोक्यापाशी दोघंही अडले, तेव्हा शेतकरीच म्हणाला, तिथं माझ्या भावाचं नाव टाका. म्हैस घेतली, आणि भावानं गोठ्याच्या जागेवरून खरंच भांडण काढलं. त्यानंतर लोक विहीर, ट्रॅक्टर, एकदा तर जावईसुद्धा चौकोनात टाकून घ्यायला येऊ लागले. जावयाच्या वेळी सरांनी संधीचा चौकोन बराच वेळ रिकामा ठेवला होता.

आणखी एक गोष्ट सगळे सांगतात. बाहेरून मसाल्याचे खरेदीदार आमची हळद बघायला आले होते. सरांनी गोदामाची शटरं खाली ओढून आतमध्ये भिंतीवर चित्रं दाखवायची सोय केली होती. सुरुवात केली आणि लाइट गेली. मिट्ट काळोख. दुसऱ्या कुणी शटर वर केलं असतं. सर तसेच बोलत राहिले. "पुढच्या चित्रात एक बाण आहे, तो वर चाललाय," असं ते काळोखात सांगत होते, आणि मग त्या बाणाचा रंगही सांगितला. पाहुणे निमूट ऐकत होते. निघताना त्यांनी हळद घेतो म्हणून सांगितलं. हळद चांगलीच होती, आणि काळोखात तिचा वास जास्त येत होता, असं माझं मत. सरांच्या मते हा दिल्लीजवळ शिकल्याचा फायदा. तिथं जनरेटर होता, पण तो सुरू व्हायला वेळ लागायचा, आणि प्राध्यापक थांबत नसत.

या फायद्यांवर त्यांनी एकदा जाहीर भाषणही केलं. सेनगावच्या मुलांपुढे बोलायला त्यांना बोलावलं होतं, विषय असा की राजधानीजवळच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकल्यानं काय फायदा होतो. मी मागच्या बाकावर होते. सर म्हणाले, राजधानी जवळ असली की मोठमोठी माणसं व्याख्यानाला येतात. मग खरं बोलायची सवय आडवी आली आणि त्यांनी सांगितलं की दोन वर्षांत एकच मोठा माणूस आला, तोही रस्त्यात अडकून इतका उशिरा, की पोरं जेवायला निघून गेली होती. पहिल्या बाकावरच्या चार जणांशी तो पाच मिनिटं बोलला आणि गेला. सर पहिल्या बाकावर होते. कॉलेज दूर असतं तर तो निघालाच नसता, हा फायदा त्यांनी पोरांना नीट समजावून दिला. दुसरा फायदा असा की तिथं सगळेच कुठून ना कुठून आलेले असतात. कुणी बिहारचं, कुणी आसामचं, आणि तिथलाच म्हणावा असा एक फक्त मेसवाला. पोरं हसत होती. मी हसले नाही. कुणालाच माझ्या आजोबांचं नाव ठाऊक नाही अशी जागा असते, हे मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि मला तिथं जावंसं वाटलं.

सरांच्या ते लक्षात आलं असावं. परतताना जीपमध्ये त्यांनी मला प्रवेश परीक्षेबद्दल विचारलं. पुढे वर्षभर संध्याकाळी कामं उरकली की ते माझी गणितं तपासत. मी नांदेडला जाऊन परीक्षा दिली, आणि दिल्लीजवळच्या एका कॉलेजात माझा नंबर लागला. सरांचं कॉलेज नव्हे, दुसरं. सरांनी मोबाइलवर नकाशा काढून अंतर मोजलं. माझं कॉलेज त्यांच्या कॉलेजापेक्षा दिल्लीला जास्त जवळ निघालं. त्यांनी ते पुन्हा एकदा मोजून बघितलं आणि मग माझं अभिनंदन केलं.

महिना संपायच्या आत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की त्या दिवसांत कुणी साधं "काय म्हणता मॅडम" म्हटलं तरी माझे डोळे भरून यायचे.

आता आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडे अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, थेट काही मागत नाहीत. अण्णा काही तापट नाहीत. त्यांनी मला कधी बोट लावलेलं नाही. पण रीत नाही म्हणजे नाही. मला चप्पल पाहिजे असली तरी मी मायला सांगणार, माय काकांना सांगणार, काका बैल सोडताना अण्णांना सांगणार, आणि अण्णांचं उत्तर त्याच वाटेनं माझ्यापर्यंत येणार. वाटेत वाक्याला जे व्हायचं ते होई. दिल्लीचंही तसंच झालं. मायनं काकांना सांगितलं, तिचे सर मागं लागलेत पोरीला बाहेर शिकायला पाठवा म्हणून. काकांनी अण्णांना सांगितलं, कंपनीवाले पोरीला दिल्लीला पाठवून राहिले. अण्णांकडून उत्तर आलं, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हटलेली गोष्ट नंतर कुणी बघितलेली नाही.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, निर्णय घेणाऱ्याशी मधल्या माणसांमार्फत बोलायचं नसतं, हे तिथं पहिल्याच महिन्यात शिकवतात. आणि लगेच काकांना फोन लावला. मॅडमच्या पुढच्या आयुष्याचं बोलायला रविवारी येतो, सोबत आमचे अध्यक्षही असतील, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

लग्न न झालेला माणूस, वडीलधाऱ्याला सोबत घेऊन, रविवारी, पोरीच्या पुढच्या आयुष्याचं बोलायला येतो म्हणतो, तेव्हा आमच्या भागात कुणी विषय विचारत नाही, पोहे भिजवतात. माझ्या हे ध्यानात आलं तेव्हा रविवारची दुपार झाली होती, बैठकीत सतरंजी अंथरली होती, शेजारच्या घरून कपबश्या आल्या होत्या आणि माय माझ्यासाठी आंबा रंगाची साडी काढून बसली होती. मी म्हणाले, अगं, ते त्यासाठी येत नाहीयेत. माय म्हणाली, सगळ्या पोरी असंच म्हणतात. तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. सर खाली उतरले. त्यांनी कोट घातला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. अध्यक्ष म्हणजे कंपनीचे सगळ्यात वयस्क सभासद, पांढरा फेटा बांधणारे आणि कमी बोलणारे. त्यांना घाम पुसायलाच वेळ लागला. तोवर अण्णांनी रीतीप्रमाणे सरांची चौकशी सुरू केली. गाव कोणतं, शेत किती, भिजतं किती, भाऊ किती. सरांना वाटलं, समोरचा माणूस निर्णयाच्या आधी माहिती गोळा करतोय, आणि ते त्यांना फार आवडलं. त्यांनी काही हातचं राखलं नाही. आजोबांनी विहीर कशी खणली, पाणी कसं उशिरा लागलं, वडील कसे सरळ होते, थोरली आत्या सेनगावकडे दिली, धाकटी नरसीला, चुलते वेगळे झाले पण भांडण नाही, सगळं सांगितलं. अण्णा आणि काका एकमेकांकडे बघून माना हलवत होते. काका आत येऊन मायला हळूच सांगून गेले की वय जरा पुढं हाय, पण माणसं चांगली हायेत.

पोहे झाले. मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, तर मग पोरीला दिल्लीला पाठवायचं कसं करता?

अण्णा म्हणाले, दिल्लीला कशाला? हे तर जवळा बाजारलाच राहतात ना?

काकांना सगळ्यात आधी उमगलं. त्यांनी सरांच्या पुढची पोह्यांची बशी थोडी आपल्याकडे ओढून घेतली. सरांना सगळ्यात शेवटी उमगलं. ते उभे राहिले, कोट काढला, त्याची घडी घातली आणि ती मांडीवर घेऊन पुन्हा बसले. म्हणाले, माफ करा अण्णा, मी तिच्या शिक्षणाचं बोलायला आलो होतो. मला वाटलं मी निरोप बराबर दिला.

अण्णांच्या चेहऱ्यावरून त्यांना राग आला की सुटल्यासारखं वाटलं, ते मला आतून कळलं नाही. पण एवढा पाहुणचार झाल्यावर माणसाला लगेच उठ म्हणता येत नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः शिकून आलात तिकडून. मग वापस काहून आलात?

इथं सरांनी नुसतं हसून, गावची ओढ म्हणून आलो, असं म्हटलं असतं तरी माझं काम झालं असतं. मायची आणि काकांची एकच भीती होती, की गेलेली पोरगी परत येणार नाही. आणि समोर दिल्लीजवळ जाऊन परत आलेला माणूस जिवंत बसला होता. मी दारामागे मनातल्या मनात सरांना सांगत होते, एकदाच, एवढं एकदाच खोटं बोला.

सर म्हणाले, "मला तिथं नोकरी लागली न्हाई. लागली असती तर नसतो आलो."

काकांनी कपाळाला हात लावला. सर पुढे बोलत राहिले. शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या येतात आणि मुलाखती घेऊन पोरं निवडतात. त्यांना पाहिजे होती तशी एक कंपनी आली. त्या मुलाखतीसाठी हा कोट शिवला होता. आत दोन माणसं होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"स्वतःबद्दल सांगा म्हणले. मी आत्ता तुमाला जे सांगितलं, तेच त्यांना सांगितलं. आजोबापासून सुरू केलं. विहीर सांगितली, वडील सांगितले, आत्या सांगितल्या. चुलत्यापाशी आलो तवा ते थँक्यू म्हणले. माझा नंबर आलाच न्हाई."

अण्णा म्हणाले, "बराबरच सांगितलं की मग. आधी घरचंच सांगावं लागते."

"त्यांना घरचं नको होतं, अण्णा. त्यांना एकटा माणूस पाहिजे होता. तिथं दोन वर्षं तेच शिकवतात. बाकीचं समदं मला पाठ झालं, तेवढं झालं न्हाई. पुढच्या मुलाखतीलाही तोंडातून पहिले आजोबाच निघाले." सरांनी मांडीवरचा कोट सारखा केला. "हिला येईल. हुशार हाय."

"आन् ते आल्यावर?" अण्णांनी विचारलं.

"मग कदाचित ती वापस येणार न्हाई. येईल असं मी म्हणणार न्हाई. तेवढ्यासाठीच पाठवायचं."

मला सरांचा इतका राग आला की हातातला ट्रे तिथंच खाली टाकावासा वाटला. एवढी वर्षं फायदे गावभर सांगत फिरलेला माणूस, आणि खरी गरज होती त्या दिवशी त्यानं फायद्याऐवजी धोक्याचा चौकोन उघडून माझ्या बापापुढे ठेवला. त्याच वेळी मला हेही कळत होतं, की माझ्यासाठी इतकं लाजिरवाणं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. दोन्ही एकदम वाटलं, आणि मी तशीच उभी राहिले.

अध्यक्ष फेट्याचं टोक सारखं करत होते. मग अण्णांनी मान वळवली, दाराकडे बघून मला बाहेर बोलावलं आणि सरांसमोर, अध्यक्षांसमोर म्हणाले, "तू सांग."

मी त्या आंबा रंगाच्या साडीत ट्रे धरून उभी. मी म्हणाले, "मायचं म्हणणं हाय का—"

"मायचं न्हाई."

"सर म्हणतात, माझा नंबर चांगला—"

"सरांचं ऐकलं मी. तुझं सांग."

आयुष्यात मी अण्णांशी पुष्कळ बोलले होते, जेवायला या, बैल आले, पाऊस येतोय. पण 'मी' पासून सुरू होणारं एक वाक्य त्यांना सांगितल्याचं मला आठवेना. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते सतरंजीकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते.

"मला जायचं हाय," मी म्हणाले. "मला तिथं शिकायचं हाय, अण्णा. मला लई वाटते."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी एखाद्या लांबच्या नात्यातली पोर असावी आणि ओळख आत्ता पटली असावी. मग पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, आणि खाली ठेवला.

"मग जा," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, चक्क दुखावल्यासारखे, "हे तू मला आधी काहून न्हाई सांगितलं, बाई? मला वाटलं, ह्या लोकायलाच तुला पाठवायचं हाय."